सतरा नंबरचा पाट

विद्याधर चौबळांनी गेल्या डिसेंबरचं कॅलेंडरचं पान उलटं करून जेवणाच्या टेबलावर पसरलं, फूटपट्टी धरून मधोमध उभी रेघ मारली आणि डावीकडे ‘लाभ’, उजवीकडे ‘त्याग’ असे मथळे लिहिले. जिनिव्हाची जागा मिळाली तर पदरात काय पडणार आणि पदरचं काय जाणार, हे एकदा पांढऱ्यावर काळं झालेलं बरं, असं त्यांना वाटलं.

डावा रकाना भरायला वेळ लागला नाही. पाच वर्षांचा करार. खिडकीतून जरा वाकलं की तळं दिसेल असा फ्लॅट. मुलीचं, क्षमाचं, पुढचं शिक्षण. अठ्ठावन्नाव्या वर्षी हार-नारळ घेऊन घरी बसण्यातून सुटका. आणि आपल्याहून दहा वर्षांनी लहान सचिवाला ‘येस सर’ म्हणावं न लागणं. या शेवटच्या नोंदीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. उजव्या रकान्यात मात्र पेन अडलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून झाल्यावर त्यांनी तिथे एकच शब्द लिहिला: मासे.

शब्द प्रामाणिक होता. आधीच्या दोन खेपांत तिथल्या तळ्यातला मासा त्यांनी चाखला होता. धुऊन वाळत घातलेला रुमाल खावा तसा तो लागला होता. डब्यातले कोळंबीचे सोडे संपले की घराला सुतक आल्यासारखं वाटतं, अशा कुटुंबात वाढलेल्या माणसाला पाच वर्षं तसल्या माशावर काढायची म्हणजे त्यागच. पण एकूण हिशेब इतका एकतर्फी लागला होता, की कुठल्याही सरकारी माणसाला संशय यावा. चौबळांना आला नाही.

कामगार खात्यात ते छप्पन साली निरीक्षक म्हणून लागले. दुकानांच्या पाट्या मोजण्यापासून सुरुवात करून तडजोड अधिकारी झाले, मग उपायुक्त. नशीब उघडलं ते चौऱ्याहत्तरला. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला निघालेल्या शिष्टमंडळातला एक सल्लागार ऐन वेळी काविळीने आडवा झाला, आणि पासपोर्ट तयार असलेला दुसरा माणूस खात्यात सापडेना. चौबळांचा पासपोर्ट तीन वर्षं तयार होता. कशासाठी, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्या परिषदेत मालक, मजूर आणि सरकार अशा तिघांना एकाच वाक्यावर मान डोलवायला लावायची असते. एका कलमावर समिती तीन दिवस अडून बसली होती. चौथ्या दिवशी चौबळांनी मागच्या रांगेतून चिठ्ठी पुढे पाठवली आणि वाक्यात ‘शक्यतो’ हा शब्द बसवला. तिन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. कलमात त्यानंतर काही उरलं नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ज्यांच्या आलं त्यांची जेवायची वेळ झाली होती. त्या एका शब्दावर चौबळांची पुढची दहा वर्षं निघाली. खात्यात त्यांच्या माघारी त्यांना ‘शक्यतोसाहेब’ म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि फारसं लागतही नव्हतं.

आता पंच्याऐंशीचा जानेवारी होता. किनाऱ्यावरच्या छोट्या मासेमारीत राबणाऱ्या बायकांच्या प्रश्नावर जिनिव्हाला एक तज्ज्ञ हवा होता, आणि चौबळांचा त्याच विषयावरचा निबंध तिथे पोचला होता: वर्सोव्याची कोळंबी सोलायची एक शेड, बेचाळीस बायका, वर्षभराची हजेरी शहाण्णव टक्के, अपघात शून्य. मागे परिशिष्ट म्हणून हजेरी-रजिस्टरातली बेचाळीस नावं आणि प्रत्येकीचे दिवस. एवढी नेमाची हजेरी त्यांनी आशियात कुठे पाहिली नव्हती, असं तिथल्या विभागप्रमुख बाईंनी कळवलं होतं. पाच फेब्रुवारीला त्या स्वतः शेड बघायला येणार होत्या. पुढचं सगळं त्यांच्या मतावर होतं.

बेल वाजली, आणि बेलीपाठोपाठ हाक आली.

“बाय, दार उघड! पापलेट हाय. डोला बघ, तुज्या सायबाला डोला मारतंय.”

अंजनाबाई सोळा वर्षं त्यांच्या दारात येत होती. मंगळवार, गुरुवार आणि रविवारी वर्सोव्याहून टोपली घेऊन निघायची आणि पार्ल्यातले ठरलेले जिने चढायची. चौबळांच्या पत्नी वसुधाबाई ताट घेऊन उंबऱ्यात आल्या.

“डोळे बघूनच घेतलं होतं ना गुरुवारी? पोटात काय निघालं? बर्फ.”

“अगो, थंडी पडलीय. मासा पन गारठनारच ना?”

“मग भाव तरी गारठू दे.”

भाव गारठला, आणि तोही पहिल्या फटक्यात. सोळा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वसुधाबाईंनी संशयाने पापलेटाचे कल्ले उचकटून पाहिले. लाल होते.

“काय गं, बरं नाही का तुला?”

“मी बरी हाय. सायेब घरात हायत? जरा काम होता.”

चौबळांनी कॅलेंडरचं पान पालथं घातलं आणि ते दाराशी आले. अंजनाबाईने लुगड्याला हात पुसले, कनवटीचा एक घडी घातलेला कागद काढला आणि तो दोन बोटांनी, वास लागू नये अशा बेताने पुढे केला. कामगार विम्याचा फॉर्म होता. कोराच.

“सून हाय ना माजी, पार्वती. लहूची बायको. शेडवर कोलंबी सोलते. नखात काटा गेला. पोरीनं सांगितला नाय कोनाला, बारा दिवस तशीच बर्फात हात घालून बसली. हात सुजला तवा नेली म्युनिसिपालटीच्या इस्पितलात. आंगठा कापला. उजवा, पार मुलापासून.” तिने स्वतःचा अंगठा मुठीत धरून दाखवला. “आता सोलाचा कशानी? कोलंबी सोलाला आंगठाच लागतो, सायेब. बाकीची चार बोटां नुस्ती बघत बसतात.”

“विमा आहे शेडला. अशा वेळी जन्मभर भत्ता मिळतो. फॉर्म भरून द्या. अडलंय काय?”

“धोंडू मुकादम बोलतो, पार्वतीचा नाव नाय रजिस्टरात.”

“किती वर्षं आहे ती तिथे?”

“लगीन झायला तवापासून. आठ वर्सां.”

“आठ वर्षं? मग नाव कसं नाही?”

अंजनाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढा शिकलेला माणूस आणि याला हेही माहीत नाही.

“पाट माजा हाय ना. सतरा नंबर. शेड चालू झायली तवा पयली मी बसली त्या पाटावर. मंग सून आयली, तिला बसवली नि मी टोपली घेऊन फिराला लागली पुरा टाइम. पाट माजा, तर नाव पन माजाच.”

चौबळ आत गेले. निबंधाची प्रत कपाटात वरच होती. परिशिष्ट, अनुक्रमांक सतरा. ते कागद घेऊन परत दाराशी आले.

“यात लिहिलंय, गेल्या वर्षी तुम्ही दोनशे अठ्ठ्याऐंशी दिवस शेडवर हजर होतात.”

“मी?” अंजनाबाई खदखदून हसली. “मी तर तुमच्या दारात होती! इचारा बायना.”

“तीन दिवस कबूल करून दोनच दिवस येते,” आतून वसुधाबाई म्हणाल्या. “पण येते खरी.”

चौबळांनी फॉर्म ठेवून घेतला. बघतो, म्हणाले. हा शब्द ते दिवसातून तीसेक वेळा वापरत, पण या वेळी त्यांना खरोखरच बघणं भाग होतं.

सोमवारी सकाळी ते जीप घेऊन वर्सोव्याला गेले. शेडमध्ये पत्र्याखाली बेचाळीस बायका बुटक्या पाटांवर ओळीने बसल्या होत्या. समोर बर्फातली कोळंबी, बाजूला सालांचा ढीग, हात घड्याळासारखे चाललेले. सतरा नंबरवर एक अनोळखी मुलगी होती. ती पार्वतीची नणंद निघाली. पाट रिकामा ठेवायचा नसतो.

मुकादम धोंडू कानावरची पेन्सिल काढून उभा राहिला. चौबळांनी रजिस्टर उघडायला लावलं आणि एकेक नाव वाचत गेले.

“पहिलं नाव, शांताबाई. कुठे बसल्यात?”

“ती घरी असते, साहेब. म्हातारी झाली. तिची मुलगी बसते.”

“रतन?”

“रतन बाळंत आहे. तिची आई येते.”

“आणि मथुरा? दोनशे एक्क्याण्णव दिवस. सगळ्यात जास्त हजेरी हिची आहे.”

“मथुरा वारली, साहेब. एक्क्याऐंशीला.”

चौबळांनी चष्मा काढला.

“तिची जाऊ बसते,” धोंडू समजावणीच्या सुरात म्हणाला. “लई नेमाची बाई. एक खाडा नाही.”

“नावं बदलली का नाहीत?”

“कशाला? पाट तोच, घर तेच. आजारी पडली तर जाऊ येते, जाऊ नसली तर शेजारीण. पाट रिकामा राहिला तर दुसरं घर येऊन बसेल ना! मग भांडणं कोण सोडवणार? हजेरीचे अंगठे म्हणाल, तर बर्फाने सगळ्यांचेच गुळगुळीत झालेत. कुणाचा कुठला, देवालासुद्धा कळायचं नाही.”

शहाण्णव टक्क्यांचा उलगडा झाला. निबंधात चौबळांनी त्याचं श्रेय पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि दोन पंखे यांना दिलं होतं. पंख्यांवर तर एक सबंध परिच्छेद होता.

त्यांनी मोजलं. बेचाळीस नावांपैकी स्वतःच्या नावाच्या पाटावर स्वतः बसलेल्या बायका पंधरा निघाल्या.

“पार्वतीचं नाव घालू का आत, साहेब?” धोंडूने पेन्सिलीला थुंकी लावली. “तुम्ही म्हणाल त्या तारखेपासून घालतो.”

“काही घालू नका,” चौबळ म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने रजिस्टर मिटलं.

परतताना अंधेरीचं फाटक येईपर्यंत त्यांनी मनात चार वाक्यं जुळवली आणि चारही खोडली. पार्वतीचं नाव आत आणायचं, तर सतरा नंबर खोटा ठरत होता. सतरा खोटा, तर मथुरा उठून उभी राहणार. मथुरा उठली, की परिशिष्ट गेलं, शहाण्णव टक्के गेले, आणि खिडकीतून वाकल्यावर दिसणारं तळंही गेलं. एका काट्याची एवढी लांब शेपटी असेल असं कुणाला वाटलं असतं?

गुरुवारी अंजनाबाई आली, तेव्हा त्यांनी तिला आत बोलावलं. सोळा वर्षांत ती पहिल्यांदाच उंबऱ्याच्या अलीकडे आली. टोपली बाहेर ठेवून ती भिंतीशी जमिनीवर बसली. वसुधाबाईंनी चहा दिला, तो तिने बशीत ओतून घेतला.

चौबळ तडजोड अधिकाऱ्याच्या आवाजात बोलू लागले. तो आवाज त्यांनी बरीच वर्षं वापरला नव्हता. पार्वतीच्या नावे अर्ज केला तर चौकशी लागेल. चौकशी लागली की रजिस्टर जप्त होईल, शेडला कुलूप लागेल. बेचाळीस घरांचे पाट उठतील, ते कधी परत मांडले जातील ते सांगता येत नाही. शक्यतो हे टळावं, असं त्यांना वाटत होतं.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळी वाक्यं सोयीचीही होती, एवढंच.

अंजनाबाईने बशी खाली ठेवली. वसुधाबाई एकदा नवऱ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या.

“सायेब,” ती शेवटी म्हणाली, “रजिस्टरात सतरा नंबरला अंजनाबाई हाय.”

“आहे.”

“मंग आंगठा पन अंजनाबाईचाच गेला, असा लिवा ना.”

चौबळांनी लगेच उत्तर दिलं नाही. लगेच उत्तर देणं हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. समितीत असंच व्हायचं. जे आपल्याला हवं ते दुसऱ्याच्या तोंडून येईपर्यंत थांबायचं, आणि आलं की थोडं कचरायचं.

“डॉक्टरांच्या मंडळापुढे जावं लागेल.”

“पार्वती जाईल. मी शिकवीन तिला. नाव इचारला तर माजा सांगेल.”

“वय?”

“रजिस्टरात काय लिवलाय?”

“अंदाजे चाळीस.”

“मी साठीला आयली, ती सव्वीसची. दोघींच्या मदी चालीसच येतात की!”

“मंडळ हात बघतं,” चौबळ हळूच म्हणाले. “तोंड फारसं कुणी बघत नाही.” मग आपण काय बोललो ते त्यांच्या कानावर आलं, आणि त्यांनी घसा साफ केला. नियम सांगणं त्यांचं कर्तव्य होतं. विम्याच्या कायद्याच्या परीक्षेत ते पहिले आले होते. “मात्र एक आहे. भत्ता ज्याच्या नावाने, त्याच्या हयातीपुरताच असतो. तो माणूस गेला की बंद. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.”

अंजनाबाईने क्षणभर विचार केला. मग तिचं तोंड हसण्याने भरलं.

“म्हंजे मना आता मराची सोय नाय!”

वसुधाबाईंनाही हसू आवरलं नाही. “बरंय की. आमचे मासे सुटणार नाहीत.”

चौबळांनी फॉर्म भरला. स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात. शेवटी अधिकाऱ्याने सही करायची जागा होती आणि तिच्यावर छापलेलं एक वाक्य होतं: सदर कामगारास मी व्यक्तिशः ओळखतो. त्यांनी ते दोनदा वाचलं. अंजनाबाईला ते सोळा वर्षं ओळखत होते. त्यांनी सही केली.

पाच फेब्रुवारीला जिनिव्हाच्या बाई आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, डोक्यावर गवताची टोपी. शेड धुतलेली होती. दोन्ही पंखे फिरत होते. बायका धुवट लुगड्यांत, केसांत अबोली माळून, आपापल्या किंवा दुसऱ्यांच्या पाटांवर बसल्या होत्या. बाईंनी पाणी पिऊन पाहिलं, स्वच्छतागृहाचं दार उघडून पाहिलं, रजिस्टर चाळलं. मग त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि चौबळांना म्हणाल्या, की मागाहून पाठवलेल्या पुरवणीत त्यांनी एका अपघाताचा उल्लेख केला होता. लोक असल्या गोष्टी दडवतात. चौबळांनी दडवलं नाही, हे त्यांना विशेष वाटलं. त्या बाईला भेटता येईल का?

पार्वती दाराशी उभी होती, हाताला पांढरंशुभ्र बँडेज. शेजारी तिची सासू, टोपली न घेता. चौबळ पुढे झाले.

“या अंजनाबाई.”

पार्वतीने पटकन सासूकडे पाहिलं. सासूने तिला कोपराने ढोसलं, तशी ती एक पाऊल पुढे आली. बाईंनी तिचा बँडेजचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि इंग्रजीत काही विचारलं.

“बाई विचारतायत, आता कसं वाटतं? तुमची व्यवस्था नीट झाली का?”

“आंगठा नाय, तरी खाजवतो,” पार्वती म्हणाली. “खाजवाला जाते तर हाताला काय लागत नाय. असा किती दिस चालतो, ते इचारा ना त्यांना.”

चौबळांनी तिचं बोलणं नीट ऐकून घेतलं.

“समाधानी आहे, म्हणते,” त्यांनी इंग्रजीत सांगितलं.

बाईंनी वय विचारलं. रजिस्टराप्रमाणे चाळिसाच्या आसपास, चौबळ म्हणाले. बाई पार्वतीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चौबळ वरच्या पंख्याकडे बघू लागले. मग बाई हसल्या आणि म्हणाल्या, की समुद्रकाठच्या बायका जगात सगळीकडेच तरुण दिसतात, हवेचा गुण आहे.

मेमध्ये नेमणुकीचं पत्र आलं. निघायच्या आदल्या रविवारी अंजनाबाईने किलोभर सोडे आणून दिले. किंमत सांगेना. “तिकरं पानचट खाऊन सायेब वालून जातील,” म्हणाली. विम्याचा भत्ता सुरू झाला होता. ती चौबळांना दारातूनच हात जोडून गेली. सामान बांधताना वसुधाबाईंना स्वयंपाकघरातल्या फडताळात घालायला कागद हवा होता. टेबलाच्या खणात कॅलेंडरचं एक पान सापडलं. ते त्यांनी घडी मोडून पसरलं आणि वर रिकाम्या बरण्या मांडल्या.

जिनिव्हात चौबळांचं उत्तम चाललं. खिडकीतून वाकावंही लागत नव्हतं, तळं बसल्या जागी दिसत होतं. त्यांचा निबंध चार भाषांत निघाला. ‘वर्सोवा’ हे नाव सेनेगल, पेरू आणि फिलिपाइन्सच्या माणसांना उच्चारता येऊ लागलं. अपघात झाला तर तो न लपवता कामगाराला त्वरित हक्क कसा मिळवून द्यावा, याचं उदाहरण म्हणून अंजनाबाईचं प्रकरण पान बाराच्या चौकटीत होतं.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात ते दोघं रजेवर पार्ल्याला आले. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी बेल वाजली आणि पाठोपाठ हाक आली.

“बाय, दार उघड! सरंगा हाय.”

हाक तीच होती, आवाज कोवळा होता. वसुधाबाईंनी दार उघडलं. डोईवरची टोपली उतरवायला हात लावून झाल्यावर त्यांचं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. चार बोटं.

“अगं, तू पार्वती ना? सासू कुठाय?”

तिने आधी जिन्याच्या खाली वाकून पाहिलं. कुणी नव्हतं.

“पार्वती वारली, बाय,” ती म्हणाली. “मे महिन्यात. दाखला हाय म्युनिसिपालटीचा.”

वसुधाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आत चौबळांच्या हातातला पेपर खाली आला.

“सासू गेली,” आवाज उतरवून ती सांगू लागली. “दोन दिस ताप, नि गेली. मराच्या आदी मना जवल बोलावली. बोलली, सायेब काय बोलला ते ध्यानात हाय ना? अंजना मेली तर भत्ता बंद. स्मशानात कारकून नाव इचारत होता, लहू नुस्ता रडत उभा. मंग मीच सांगितला. लिवा, पार्वती.”

बोलता बोलता ती सरंग्याचे पर कापत होती. विळा डाव्या हातात, उजव्या हाताच्या चार बोटांनी मासा दाबून धरलेला. हात चांगला बसला होता.

“आणि मुलगा? तुला मुलगा होता ना?”

“शालेत जातो. पयलीत. मास्तर बोलला, बिनआईचा पोर हाय, फी माफ, वह्या फुकट.” ती किंचित हसली. “मास्तरच्या म्होरं मना आजी बोलतो. लई शाना झायलाय. आता कंदी कंदी घरात पन बोलतो.”

वसुधाबाई मासे घेऊन आत गेल्या, मीठ-हळद लावायला.

चौबळ दाराशी आले होते. त्यांना बघून तिने विळा बाजूला ठेवला, हात पुसले आणि कनवटीचा एक कागद दोन बोटांत धरून काढला.

“सायेब, बरा झाला तुमी आयलात. हयातीचा दाखला हाय. मोठ्या हापिसराची सही लागते. मी कोनाला शोधू? तुमी वलखता ना मना.”

त्यांनी कागद घेतला. नाव अंजनाबाई. वय अंदाजे चाळीस. तीन वर्षांत कुणी वाढवलं नव्हतं. तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आधीच उमटवलेला होता. शाईचा गोल डाग, त्यात एकही रेघ नाही. खाली तेच वाक्य छापलेलं होतं. चौबळांनी खिशाचं पेन काढलं. ते समितीत थांबत तसे थांबले. पण या वेळी दुसऱ्या कुणी बोलायचं बाकी नव्हतं. त्यांनी सही केली, खाली हुद्दा लिहिला, आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली.

“देव भलं करो,” ती म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

तेवढ्यात वसुधाबाईंनी आतून हाक मारली. मिठाची बरणी काढताना फडताळातलं पान वर आलं होतं.

“अहो, हे काय ठेवलं होतंत तुम्ही? लाभ आणि त्याग?” त्यांनी पान उजेडाला धरलं, वाचलं, आणि ताटातल्या सरंग्याकडे पाहिलं. “त्यागात नुसते मासेच? ते तरी कुठे गेले तुमचे?”

चौबळांनी पान घेतलं. हातात पेन उघडंच होतं. त्यांनी उजव्या रकान्यातल्या एकुलत्या शब्दावर रेघ मारली, सवयीने बाजूला छोटी सही केली आणि दोन्ही रकान्यांवरून नजर फिरवली. डावीकडे पाच नोंदी, पाचही मिळालेल्या. उजवीकडे काही नाही.

दाराबाहेर अंजनाबाई, वय अंदाजे चाळीस, हयात, चार बोटांनी टोपली सावरत जिना उतरत होती आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना हाक मारत होती.